लखनौत कुठं उतरायचं?

परमुलखात राहणाऱ्या माणसाच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे रिकाम्या पिशव्या आणि दुसरी म्हणजे पाहुण्यांचे किस्से. पिशव्या निदान रद्दीवाल्याला देता येतात. किस्से कुणाला देणार? मग रविवारी चार मराठी डोकी चहाला जमली की ते एकेक करून बाहेर निघतात. एकानं आपला सांगितला की दुसरा म्हणतो, "हे तर काहीच नाही, आमच्याकडे काय झालं ऐका!"

हे सगळं नव्वदच्या दशकातलं. आम्ही तेव्हा लखनौला आलमबागमध्ये सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. विलास, म्हणजे माझा नवरा, रेल्वेत आणि मी टेलिफोन खात्यात. दोघंही अकोला जिल्ह्यातले. कँटोन्मेंटात सुभेदार पवार आणि पवारवहिनी, हे साताऱ्याकडचे. आणखी दोन-तीन मराठी घरं होती, पण ती बदल्यांमुळे येत-जात असायची. पक्की टोळी आम्हा चौघांचीच. पाचवी आमची बारा वर्षांची पल्लवी. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र हिंदीत यायचं!

आणि आमच्याकडे यायची पोस्टकार्डं. "लखनौला येत आहोत. उतरण्याची सोय कळवावी." यातल्या 'कळवावी' या शब्दाला काही अर्थ नसतो हे मी पहिल्या वर्षातच शिकले. कार्ड मंगळवारी मिळायचं आणि माणसं बुधवारी दारात! श्रावस्ती, कुशीनगर बघायला निघालेली आमची माणसं वाटेत लखनौला थांबायची. त्यांच्या खिशात आमचा पत्ता असायचा, कुणाच्या तरी वहीतून उतरवून घेतलेला. ज्या गावाचं नावही मी ऐकलेलं नसायचं तिथले आजोबा दारात उभे राहून विचारायचे, "जय भीम! वानखडे इथंच राहतात ना?" मी आपली कणीक जास्त मळायला घ्यायची. आपली माणसं फार मायाळू, आणि थोडी काटकसरी, असं माझं मत होतं.

मग माझ्या मामांचं पत्र आलं.

दौलतमामा म्हणजे तायडे गुरुजी. नुकतेच रिटायर झाले होते. पत्र अगदी शुद्ध, एकही काना इकडचा तिकडे नाही. "डिसेंबरात श्रावस्तीला जाण्याचे ठरविले आहे. वाटेत दोन दिवस लखनौला थांबेन. तुझ्या घरी जेवीन, पण उतरणार नाही. रागावू नकोस. तरुणपणी परीक्षेसाठी शहरात गेलो असताना तीन धर्मशाळांनी मला काय विचारले, आणि मग मी कुठे झोपलो, हे तुझ्या आईने तुला सांगितले असेल. त्यानंतर कुठल्याही शहरात गेलो तो आपल्या माणसाचा पत्ता खिशात घालूनच. आता एकदा पत्ता न घेता जायचे आहे. असे ठिकाण बघ, जिथे नाव विचारतील, किल्ली देतील आणि बाकी काही विचारणार नाहीत."

मी ते पत्र तीनदा वाचलं. आईनं मला सांगितलं होतं, पण मी ते जुन्या काळातलं म्हणून कानामागे टाकलं होतं. इतकी वर्षं माणसं आमच्या दारात का येत होती हे मला त्या दिवशी कळलं. मला स्वतःचीच लाज वाटली.

"बघू ना," विलास म्हणाला, "लखनौ एवढं मोठं शहर हाये. एक खोली नाही भेटणार का मामाले?"

मला मुळातच चौकशा करायची खोड. मी दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले.

*

पहिला सल्ला आला तो चारबागचा. स्टेशन तिथंच, हॉटेलं तिथंच. पण चारबाग म्हटलं की मला विलासचा चुलतभाऊ सुधाकर आठवतो.

सुधाकरला ब्लडप्रेशर होतं आणि डॉक्टरनं त्याला रोज सकाळी फिरायला सांगितलं होतं. त्यानं घरी बसून लखनौचा नकाशा मिळवला आणि खूश झाला. चारबाग, आलमबाग, कैसरबाग, लालबाग, सिकंदरबाग! आम्हाला कार्ड पाठवलं, "तुमचे शहर फार हिरवेगार दिसते. चारबागेतच उतरतो, म्हणजे सकाळी एका बागेत, संध्याकाळी दुसऱ्या. उरलेल्या दोन परतीच्या दिवशी बघू."

गाडीतून उतरून बाहेर आला तर समोर रिक्षा, टेंपो, हमाल, धूर, आणि शंभर माणसं एकाच वेळी ओरडतायत. त्यानं एका हमालाला धरलं. "भैया, वो चार बाग किधर है?"

हमालानं त्याच्याकडे आपादमस्तक बघितलं. "बाबूजी, बीचोंबीच खड़े हैं आप!"

सुधाकर तसाच रिक्षात बसून आमच्याकडे आला. दोन दिवस आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर फेऱ्या मारत होता.

*

आता हॉटेलात उतरूनही माणूस आपल्याकडेच कसा असतो, त्याचं उदाहरण म्हणजे विलासचे नारायणकाका.

काका फार भिडस्त. "शोभा नोकरीवाली पोरगी, तिले त्रास नोको," म्हणून आलमबागच्या बसस्टँडजवळ एका हॉटेलात उतरले. मला इतकं बरं वाटलं! दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बेल वाजली. दारात काका, खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी.

"तिथलं पाणी थंड हाये," काका म्हणाले.

आंघोळ झाली. मग नाश्ता. मग पेपर. मग जेवण. मग जेवल्यावर जरा आडवं होणं. संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण, आणि "आता तुमाले त्रास नोको" म्हणत काका निघायचे. तीन दिवस हाच कार्यक्रम! तिसऱ्या दिवशी पल्लवीला राहवलं नाही. "दादाजी, फिर होटल में आपका है क्या?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला.

"बॅग हाये ना!" ते म्हणाले.

*

पवारवहिनींच्या दादांचा किस्सा मात्र त्यांच्या तोंडूनच ऐकावा. मी आपली जमेल तसा सांगते.

दादा कराडजवळच्या गावचे. गुडघ्याचा त्रास. लखनौला पहिल्यांदाच आले होते आणि बहिणीला न कळवता अचानक येऊन चकित करायचं असा बेत होता. पण कँटोन्मेंटात रात्री असं कुणालाही आत सोडत नाहीत हे त्यांना कुणीतरी गाडीत सांगितलं. म्हणून ते चारबागच्या एका हॉटेलात शिरले.

"कमरा मिलेगा?"

मॅनेजर म्हणाला, "कमरा खाली नहीं है, भाई साहब."

दादांनी आपल्या गुडघ्यांकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं, आणि मोठ्या मनानं म्हणाले, "खाली नहीं तो ऊपर चलेगा!"

आणि लागले की जिना चढायला! मॅनेजर गल्ला सोडून मागे धावला. "अरे भाई साहब, ऊपर भी खाली नहीं है!"

दादा तिसऱ्या पायरीवर थांबले. आता हे त्यांच्या मते अती झालं होतं. वळून म्हणाले, "मालूम है हमको! ऊपर ऊपर ही रहेगा, खाली कैसा रहेगा?"

असं करत दोघं पार गच्चीपर्यंत पोचले. शेवटी मॅनेजरनं हात टेकले आणि गच्चीवर एक खाट टाकून दिली. दुसऱ्या दिवशी बहिणीकडे आल्यावर दादा सांगत होते, "माणूस झ्याक हुता. फकस्त डोस्क्यानं जरा हलका!"

*

मामांसाठी खोली बघायला मी सुरुवात केली ती ऑफिस सुटल्यावर, एकटीनं. चारबागचं पहिलंच हॉटेल. मी काउंटरवर जाऊन म्हणाले, "रूम देखना है."

"किसके लिए, मैडम?"

"मामा के लिए."

काउंटरवरच्या माणसानं बाजूला बसलेल्या माणसाकडे बघितलं. त्यानं पानवाल्याकडे बघितलं. पानवाला उगाचच छताकडे बघायला लागला.

"मामा कहाँ हैं?"

"वो अगले महीने आएँगे."

"अच्छा... मामा अगले महीने आएँगे," तो हळूहळू म्हणाला, "और आप रूम आज देखेंगी."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा माझे कान इतके तापले की मी उलट्या पावली बाहेर! घरी येऊन विलासला सांगितलं तर तो पोट धरधरून हसला. म्हणाला, "उद्या मी येतो संगं. मग कोण काय म्हणते ते पाहू!"

दुसऱ्या दिवशी जोडीनं गेलो, दुसऱ्या हॉटेलात. विलासचा इस्त्रीचा शर्ट, मी साडीत. मॅनेजरनं आमच्याकडे बघितलं. मग माझ्या भांगाकडे बघितलं.

"आप दोनों... पति-पत्नी?"

"और क्या?" विलास म्हणाला.

"सिंदूर नहीं है मैडम का."

खरं तर मी मंगळसूत्र घातलं होतं, पण त्या बाजूला त्याची किंमत शून्य! भांगात कुंकू भरलेलं नाही म्हणजे बाई लग्नाची नाही. विलास म्हणाला, "हमारे में नहीं लगाते."

"आपके में? यानी किनमें?"

मी विलासकडे बघितलं तर त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती. मग तो म्हणाला, "महाराष्ट्र में." आणि आम्ही निघालो.

वाटेत तो हसला नाही. "पाह्यलं?" तो म्हणाला. "कुठून बी सुरुवात केली तरी गाडी तिथंच येते."

*

रविवारी चहाला सुभेदार पवारांना हे कळलं. ते म्हणाले, "तुमा सिव्हिलियन लोकांना हाटेल बघता येत न्हाई. चला, मी दावतो."

पवारांची हॉटेल निवडण्याची पद्धत वेगळी होती. खिडकीतून दोन रस्ते दिसले पाहिजेत. जिन्यावर दोन माणसं एकमेकांना ओलांडून गेली पाहिजेत. पवारवहिनी फक्त बाथरूममधली बादली बघायच्या. बादली स्वच्छ तर हॉटेल स्वच्छ! त्या दोघांनी एका हॉटेलात प्रवेश केला आणि मी मागोमाग.

पवारांनी मॅनेजरला काही सांगितलंच नाही. सरळ कॉरिडॉरमध्ये गेले. गादी उचलून खाली बघितलं. पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट मॅनेजरच्या नाकासमोर धरलं. वहिनींनी बादली उलटी केली आणि "च्च!" एवढंच म्हणाल्या. मॅनेजरचा चेहरा पांढराफटक. पाच मिनिटांत चादरी बदलल्या. दहा मिनिटांत समोसे आले. पंधराव्या मिनिटाला मालक स्वतः घाम पुसत हजर!

"सर, जो कमी हो, लिखिए मत, बोल दीजिए."

पवार समोसा खात म्हणाले, "कमी कुछ नहीं. हमारे एक गेस्ट आएँगे, उनके लिए रूम मंगता."

मालकांनी घाम पुसायचं थांबवलं. "यानी... आप चेकिंग में नहीं आए?"

"चेकिंगच तो की अब्बी!"

मालकांनी समोशांची प्लेट उचलून आत नेली. तिथं पुन्हा जाणं शक्य नव्हतं.

*

यानंतरचा किस्सा मी फार वेळा सांगत नाही.

अमीनाबादच्या बाजूला एक धर्मशाळा असल्याचं ऑफिसात कुणी तरी सांगितलं. जुनी इमारत, मोठं अंगण, मधोमध कडुनिंब. व्यवस्थापक म्हणजे एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. मी आत गेले तर ते उठून उभे राहिले. "आइए बेटी, तशरीफ रखिए." माठातलं पाणी दिलं. मामांसाठी खोली हवी म्हटल्यावर म्हणाले, "मामा का हक तो माँ से भी दूना है." मला तो माणूस इतका आवडला! त्यांनी स्वतः कुलूप काढून खोली दाखवली. पूर्वेची खिडकी, पांढरीशुभ्र चादर. मी मनातल्या मनात मामांना तिथं खुर्चीत बसून पेपर वाचताना बघितलं.

मग खाली येऊन त्यांनी रजिस्टर उघडलं. "किस समाज से हैं आप लोग?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण माठाचं पाणी पिऊन खोटं कसं बोलायचं? मी म्हणाले, "हम बौद्ध हैं."

त्यांनी रजिस्टर मिटलं, अगदी हळू. "बेटी, मैं तो कुछ नहीं मानता. लेकिन ट्रस्ट का नियम है, मजबूरी है. आपको नाहक जहमत हुई, माफ कीजिएगा." मला सोडायला ते फाटकापर्यंत आले. माझ्यासाठी रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याला बजावलं, "बिटिया को आराम से ले जाना."

रिक्षा वळल्यावर माझ्या लक्षात आलं की निघताना मी त्यांना "शुक्रिया" म्हणाले होते!

इतका राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि तो कुणावर काढायचा तेही कळेना. ते गृहस्थ तसे वाईट नव्हते. ते जरा वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. चार शब्द सुनावून आले असते.

रविवारी हे सांगितल्यावर कुणी हसलं नाही. वहिनी म्हणाल्या, "शोभाताई, चहा टाकू का अजून?" पवार बराच वेळ कपाच्या कानाशी खेळत बसले. मग म्हणाले, "ताई, माझ्या नावानं घ्या की खोली. 'सुभेदार पवार' लिवलं की कोण इचारतंय!"

खोटं कशाला सांगू, मला क्षणभर मोह झाला. मामांना कळलंही नसतं.

"मग मामानं पत्र कायले लिहिलं असतं?" विलास म्हणाला.

पवारांनी मान हलवली. "बरोबर हाय. माझं चुकलं."

*

आणि मग मला ती जागा सापडली! चारबागला, घड्याळाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर एक लॉज. दहा खोल्या. काउंटरवर तिशीचा एक मॅनेजर, त्याच्या कानाला कायम ट्रान्झिस्टर. मॅच असली तर मॅच, नसली तर जुन्या मॅचची चर्चा. मी तिथं जाऊन उभी राहिले तर त्यानं मान वर केली नाही.

"नाम?"

"अभी नहीं चाहिए. अगले महीने मामा आएँगे."

"आ जाएँ. चौथा विकेट गिर गया!"

माझी खात्री पटेना. मी विलासला पाठवलं. त्यालाही फक्त नाव विचारलं. मग पवारांना पाठवलं. त्यांनी मुद्दाम पंधरा मिनिटं काउंटरवर रेंगाळून बघितलं. परत येऊन रिपोर्ट दिला, "त्यो माणूस बापाचं नाव बी इचारत न्हाई! खिडकीतून मात्र एकच रस्ता दिसतो."

वहिनींनी बादली पास केली. मी मामांना कळवलं, "जागा मिळाली. नाव विचारतात, किल्ली देतात."

मामांचं उलट टपाली कार्ड आलं. त्यात फक्त गाडीचं नाव आणि तारीख होती. खाली एक ओळ: "पत्ता घेतलेला नाही."

*

मामा आले त्या दिवशी थंडी मी म्हणत होती. सकाळी दहाची गाडी साडेअकराला आली. डब्यातून मामा उतरले ते कोट, मफलर, एक छोटी ट्रंक आणि वळकटी घेऊन. मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठं हाये ते लॉज?"

मी जेवणाचा डबा घेतला होता. विलासनं त्यांची वळकटी उचलली. पवारही आले होते, सुट्टी टाकून. असे आम्ही तिघं आणि पुढे मामा, घड्याळाच्या दुकानापाशी आलो. जिना चढून वर गेलो आणि मी दारातच थांबले.

काउंटरवर आमचा मॅचवाला नव्हताच! तिथं सत्तरीचे एक आजोबा बसले होते. कपाळावर गंध, समोर उघडं रजिस्टर, आणि हातात पेन. ट्रान्झिस्टरचा पत्ता नाही. ते मॅनेजरचे वडील, लॉजचे मालक. मुलगा कुठल्याशा लग्नाला गेला होता.

मी विलासच्या कानात म्हणाले, "आपण दुसरीकडे जाऊ."

मामांनी ते ऐकलं. ते वळले. "तुमी तिघं इथंच दाराशी थांबा," ते म्हणाले. "कोनी मधात बोलू नका. खोली मले पाह्यजे."

मामांनी तीस वर्षं शाळेत मराठी व्याकरण शिकवलं. हिंदीशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. भोपाळपर्यंत ती कशीबशी चालायची, पुढे सगळा आनंदच! आम्ही दाराशी उभे राहिलो. मामा काउंटरपाशी गेले आणि ट्रंक हातातच धरून ताठ उभे राहिले.

"कमरा चाहिए. दो दिन."

"मिल जाएगा," आजोबा म्हणाले. "शुभ नाम?"

"दौलत संपत तायडे."

आजोबांनी 'दौलत' लिहिलं. 'संपत' लिहिलं. मग पेन अडलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"तायडे माने?"

"माने नहीं," मामा म्हणाले. "माने सातारा तरफ के. हम सिर्फ तायडे."

पवारांना जोराचा ठसका लागला. मी त्यांना कोपरानं ढोसलं.

आजोबा जरा गोंधळले. "कहाँ से पधारे?"

"अकोला."

"ये किधर पड़ता है?"

"नागपूर के थोडा अलीकडे."

आजोबांनी 'नागपुर' लिहून टाकलं. "काम क्या करते हैं?"

"मास्टर था. अब रिटायर."

"अरे, मास्टर साहब!" आजोबांचा चेहरा उजळला. त्यांनी मागच्या खिळ्यावरची चावी काढली. विलासनं वळकटी खांद्यावर घेतली. पण आजोबांनी चावी पुढे केली नाही. ती हातात धरून त्यांनी पुन्हा पेन उचललं आणि अगदी सहज, जिव्हाळ्यानं विचारलं,

"और मास्टर साहब, कौन जात?"

विलासनं वळकटी खाली ठेवली. पवार एक पाऊल पुढे सरकले. मी त्यांची बाही धरली. डबा माझ्या हातात इतका गच्च धरलेला होता की बोटांना कडी रुतत होती.

मामांनी आजोबांकडे बघितलं. मग हातातल्या ट्रंकेकडे बघितलं. मफलरवर अजून गाडीतली धूळ होती.

"जात नहीं," मामा म्हणाले. "अभी तो आया."

आजोबा त्यांच्याकडे बघत राहिले. पेन रजिस्टरवर तसंच टेकलेलं होतं. मग ते म्हणाले, "अच्छा... तो कब जाइएगा?"

"परसों," मामांनी सांगितलं आणि चावीसाठी हात पुढे केला.